उरलेल्या मिनिटांचे मालक

पुण्यात 'पे अँड पार्क'ची बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. भावोजींचं लक्ष्मी रस्त्यावर कापडाचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं ठरलेलं: गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर रोज कर भरतो, आता गाडी रस्त्याच्या कडेला लावायचेही पैसे? गिऱ्हाईक सरळ मॉलमध्ये जाईल. समोरच्या बाजूला माझा मावसभाऊ, हिंजवडीत नोकरी करणारा. तो म्हणतो, अमेरिकेत बघा, फोन काढला, दोन ठिकाणी बोट लावलं, पार्किंग भरलं. मग मला हाक येते. कारण मी शिकागोत राहते आणि पोटापाण्याचा उद्योग म्हणून नेमकं हेच करते. रस्त्यावरच्या पार्किंगचे पैसे भरायच्या अॅपचे स्क्रीन आखते. ग्राहक म्हणजे आसपासच्या राज्यांतली लहान-मध्यम शहरं.

मावसभावाला माझी साक्ष हवी असते, आणि ती मला त्याच्या बाजूनं देता येत नाही. पार्किंग मीटरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या जागेचे पैसे घेणाऱ्या यंत्रांच्या, बाबतीत शिकागो हे अमेरिकेतलं सगळ्यात बदनाम उदाहरण आहे.

२ डिसेंबर २००८ रोजी महापौर रिचर्ड डेली यांनी जाहीर केलं की शहरातले सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला चालवायला द्यायचे, बदल्यात १ अब्ज १५ कोटी डॉलर एकरकमी. मंदीचे दिवस, तिजोरीत खड्डा. दोनच दिवसांनी, ४ डिसेंबरला, नगरसेवकांनी ४० विरुद्ध ५ हात वर करून ते मंजूर केलं. ७५ वर्षांचा करार, आणि तो वाचायला जेमतेम दोन दिवस! पुढच्या वर्षी शहराच्याच महानिरीक्षकांनी, म्हणजे पालिकेचा कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, हिशेब मांडला, तेव्हा शहरानं निदान ९७ कोटी डॉलर कमी घेतल्याचं निघालं. मिळालेला पैसा बजेटची भोकं बुजवण्यात काही वर्षांत बराचसा संपला. करार मात्र २०८४ पर्यंत चालणार आहे. ज्या वस्त्यांत तासाला २५ सेंट पडायचे तिथे २००९ मध्ये एकदम १ डॉलर झाला आणि २०१३ पर्यंत २ डॉलर. लूप म्हणजे इथला मध्यवर्ती भाग. तिथला दर ३ डॉलरवरून साडेसहावर गेला.

मावसभावाला आवडणारं ते अॅपही याच करारातून आलं. २०१३ मध्ये नवे महापौर राम इमॅन्युएल यांनी कंपनीशी पुन्हा वाटाघाटी केल्या. वस्त्यांमध्ये रविवार फुकट झाला, त्याच्या बदल्यात अनेक ठिकाणी रात्रीचे तास वाढले, आणि फोनवरून पैसे भरायची सोय पदरात पडली. अॅप २०१४ मध्ये सुरू झालं. म्हणजे ज्याला पुण्यात 'स्मार्ट सिटी' म्हणून मिरवलं जातं, ते इथे देवाणघेवाणीतलं एक कलम होतं.

आता माझ्या कामातली गोष्ट. नाण्याच्या जुन्या मीटरमध्ये एका तासाचे पैसे टाकून कुणी चाळीस मिनिटांत निघालं, तर उरलेली वीस मिनिटं मीटरवरच राहायची आणि मागून येणाऱ्याला मिळायची. कागदी पावतीची यंत्रं आली तेव्हाही लोक निघताना आपली पावती अनोळखी माणसाच्या हातात देत. शिकागोच्या थंडीत घडणारं एवढंच काय ते सौजन्य! अॅप पैसे गाडीच्या नंबराशी जोडतं. तुम्ही निघालात की ती मिनिटं दुसऱ्या कुणाच्या कामाची उरत नाहीत. त्याच जागेवर दुसरी गाडी येते आणि त्याच वीस मिनिटांचे पैसे पुन्हा भरते. एक जागा, एक वेळ, दोनदा वसुली.

यावर उपाय अगदी छोटा आहे. स्क्रीनवर 'थांबवा' असं एक बटण द्यायचं. ते दाबलं की उरलेले पैसे परत. तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम. सिंगापूरच्या सरकारनं २०१७ मध्ये कागदी कुपनांच्या जागी स्वतःच्या अभियंत्यांकडून 'पार्किंग डॉट एसजी' हे अॅप बनवून घेतलं. त्यात आकारणी मिनिटावर होते आणि लवकर निघालात तर उरलेले पैसे परत मिळतात. मी ज्या बैठकांना बसते तिथे मात्र या बटणावर जितका वाद होतो तितका रंगावर, नकाशावर, भाषेवर मिळूनही होत नाही. हिशेब ठेवणाऱ्यांच्या तक्त्यात न वापरलेल्या मिनिटांचं वेगळं उत्पन्न लिहिलेलं असतं, आणि ते कमी झालेलं कुणालाच आवडत नाही. ज्या शहरानं करारातच 'मिनिटावर आकारणी' लिहून घेतलं असेल, तिथे बटण येतं. बाकी ठिकाणी ते 'पुढच्या आवृत्तीत' जातं. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी वाजणाऱ्या सूचनेचंही तसंच. शिकागोत मीटरचं भाडं कंपनीचं आणि दंड शहराचा, तेव्हा ती सूचना किती ठळक असावी यात कुणाचा जीव किती गुंतलाय, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

गंमत अशी की यातली एक अडचण भारतात उरलेलीच नाही. इथे क्रेडिट कार्डावर दर व्यवहारामागे ठरावीक शुल्क कापलं जातं, त्यामुळे एक-दोन डॉलरचं पार्किंग कार्डावर घेणं परवडत नाही. म्हणून काही अॅपवाले आधी पाकिटात वीसेक डॉलर भरून ठेवायला लावतात, आणि त्या पाकिटात लोकांचे पैसे वर्षानुवर्षं पडून राहतात. यूपीआयवर दहा रुपये जाताना कुणाला विचार करावा लागत नाही. त्याहून पुढचं म्हणजे, आयपीओला, म्हणजे शेअरच्या पहिल्या विक्रीला, अर्ज करताना यूपीआय रक्कम तुमच्याच खात्यात अडवून ठेवतं आणि शेअर मिळाले तेवढेच पैसे कापतं. हीच पद्धत पार्किंगला लावली तर गाडी लावताना चाळीस रुपये अडवायचे, निघताना झाले असतील तेवढेच घ्यायचे. परतावा नाही, पाकीट नाही, 'तीन ते पाच कामकाजाचे दिवस' नाहीत. असा स्क्रीन आखायला मिळावा म्हणून मी काय वाट्टेल ते देईन.

पण पुण्यातली चर्चा इथपर्यंत पोचतच नाही. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण आलं, विरोध पेटला, मग पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून करू असं ठरलं, आणि ते कागदावरच राहिलं. त्यानंतर विषय अधूनमधून वर येतो, दरांवर भांडण होतं आणि पुन्हा खाली जातो. भांडण तासाला दहा की वीस यावरच असतं. कंत्राट किती वर्षांचं, मिनिटाची आकारणी आहे की तासाची, गाड्यांच्या नंबरांची माहिती कुणाच्या संगणकात राहणार, हे कुणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. शिकागोच्या नगरसेवकांना वाचायला दोन दिवस तरी मिळाले होते. पुण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. तेव्हा असा करार झाला असता तर विरोधात पाच हातसुद्धा वर झाले नसते.

मुंबईत तर उलटीच तऱ्हा. जुलै २०१९ मध्ये महापालिकेनं सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्यांना हजारोंचा दंड सुरू केला. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नाही. जपानमध्ये हा नियम १९६२ पासून आहे आणि तिथे तो खरोखर चालतो. आपल्याकडे जागेचे खोटे दाखले काढून देणारा एजंट त्याच आठवड्यात आरटीओच्या दारात उभा राहील, एवढंच मी म्हणेन.

अॅप पुण्यात आणायचंच तर ते पुण्याचं हवं, अमेरिकेतलं उचलून चालणार नाही. अमेरिकेतला नकाशा चारचाकीच्या चौकोनांचा. पुण्यात एका चौकोनात पाच-सहा दुचाक्या, शिवाय तुम्ही आत असताना कुणीतरी तुमची स्कूटर हातभर सरकवलेली. पी-१, पी-२ च्या पाट्या, म्हणजे सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. पाहुण्यांना ते उभ्या जन्मात कळत नाही, पण अॅपला 'आज डावीकडे लावा' एवढं सांगणं अगदी सोपं आहे. गाडी उचलली जाण्याआधी ते कळलं तर निम्मे लोक आनंदानं अॅप घेतील. क्यूआर कोडचे स्टिकर खांबावर चिकटवायचे असतील तर जपून. २०२२ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये पार्किंगच्या यंत्रांवर भामट्यांनी स्वतःचे कोड चिकटवलेले सापडले. आपल्याकडे तर कोड दिसला की फोन आपोआप बाहेर येतो. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा डोळ्यांना स्क्रीन दिसत नाही, त्याच्यासाठी पावती फाडणारा माणूस राहू द्या. वीस घेऊन दहाची पावती देणारा माणूस नको, हे खरंच. पण त्यासाठी त्याच्या हातात छापील दर दाखवणारं यंत्र द्या.

पैसे कुठे जातात हा भावोजींचा प्रश्न रास्तच आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहरात १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसवायला दुकानदारांचा असाच विरोध होता. मीटरचा पैसा त्याच रस्त्यांच्या फुटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर खर्च करायचं ठरलं, तेव्हा तो मावळला. पार्किंगच्या अर्थशास्त्रावर आयुष्यभर लिहिणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप हे उदाहरण नेहमी देत. लक्ष्मी रस्त्याचे पैसे लक्ष्मी रस्त्यावर, असं लिहून द्यायला पुणे महापालिका तयार आहे का?

भावोजींना मी शिकागोच्या करारातलं आणखी एक कलम वाचून दाखवलं. मिरवणुकीसाठी, जत्रेसाठी किंवा दुरुस्तीसाठी शहरानं मीटरची जागा ठरावीक मर्यादेपलीकडे बंद ठेवली, तर कंपनीचं बुडालेलं उत्पन्न शहरानं भरून द्यायचं. रस्ता शहराचा, पण तो स्वतःच्या कामासाठी बंद करायचा तर पैसे मोजायचे. पुण्यातल्या एखाद्या कंत्राटात हीच ओळ आली तर? विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरूनच जाते. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळी तिथे गाडी शिरत नाही. दोन्ही पालख्या फर्ग्युसन रस्त्यावरून येतात. त्या दिवसांचं भाडं महापालिका कंत्राटदाराला देणार, म्हणजे आपणच देणार.

इथपर्यंत भावोजी माझ्या बाजूला आले होते. मग त्यांनी विचारलं, "आणि सुरतेहून माल घेऊन येणारा टेम्पो? त्याला गाठोडी उतरवायला वीस मिनिटं लागतात, ड्रायव्हरकडे फोन असतो पण बॅलन्स नसतो, आणि गुमास्ता म्हणतो पार्किंग माझ्या पगारातून नाही." आमच्या अॅपमध्ये माल उतरवण्याच्या जागा वेगळ्या रंगात दिसतात, पहिली काही मिनिटं फुकट ठेवता येतात, दुकानदाराला आपल्याकडे येणाऱ्या गाडीचे पैसे भरता येतात. शेवटची सोय भावोजींना मुळीच आवडली नाही.