सुभेदार साहेब, गॅन्ट्रीचं तुमचं बरोबर आहे

सुभेदार साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातनं गेली नाही. दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. पहिल्यात मी फार चिडलो होतो, दुसऱ्यात उगीच गोड बोलत होतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लष्कराच्या लिलावातून भंगारवाल्याकडे आलेल्या एका शक्तिमान ट्रकचे हाफ शाफ्ट (मागची चाकं फिरवणारे दांडे), मागचे स्प्रिंगचे पाटे, एक ब्रेक ड्रम आणि चेसिसचे दोन लांब तुकडे (इंग्रजी C च्या आकाराचे चॅनल) मी वजनावर घेतले. त्यांची ऐरण, भट्टी, कोयते आणि ट्रॅक्टरचं इंजिन उचलायची गॅन्ट्री, म्हणजे आडव्या तुळईची चौकट, केली. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, उभी हयात काढलेल्या सुभेदार साहेबांचं म्हणणं असं: ज्या गाडीनं फौज वाहिली तिचे कोयते करणं हा अपमान आहे; पोलाद कुठलं हे माहीत नसताना त्यावर हात चालवणं हा अडाणीपणा आहे; आणि त्या गॅन्ट्रीखाली एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. त्यापेक्षा सगळा माल जालन्याला वितळायला पाठवा आणि सर्टिफिकेट असलेलं नवं लोखंड घ्या.

गॅन्ट्रीपासून सुरू करतो. तुम्ही फोटो मोठा करून पाहिलात हे उघड आहे, कारण तुम्ही बोट ठेवलंत तिथंच माझी चूक आहे. आडव्या चॅनलच्या खालच्या पट्टीला मी साध्या रॉडनं हूक वेल्ड केला होता. ट्रकच्या चेसिसमध्ये त्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडू नका, वेल्ड मारू नका, असं कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना बजावून सांगतात. वाकण्याचा सगळा ताण त्या पट्ट्यांवरच येतो आणि छोट्याशा खाचेतनं चीर सुरू होते. आडवे मेंबर रिव्हेटनं किंवा बोल्टनं, आणि शक्यतो उभ्या भिंतीला जोडतात ते त्यासाठीच. त्यात माझा चॅनल एकेरी, एका बाजूनं उघडा. असा चॅनल वजन आलं की नुसता वाकत नाही, पिळतोही. हे सगळं मला माहीत होतं. शेजाऱ्याचं इंजिन ट्रॅक्टरवर तसंच अर्धं उघडं पडलं होतं, पाऊस तोंडावर होता, आणि मी घाई केली. एवढंच कारण आहे, त्याला सबब म्हणा.

ती गॅन्ट्री मी उतरवली आहे. आता दोन्ही चॅनल पाठीला पाठ लावून, उभ्या भिंतीतनं आरपार बोल्टनं आवळतोय. मध्ये जाड पट्टी धरली आहे आणि चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) त्या पट्टीला लटकेल. गॅस कटरनं कापलेल्या कडा ग्राइंडरनं आत घेतल्या, कारण कापताना कड कडक होते आणि चीर तिथनंच धरते. इंजिन टांगण्याआधी त्याच्या सव्वापट वजन टांगून बघणार, आणि तेव्हा खाली कुणी उभं राहणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात उचलायच्या साधनांची १२ महिन्यांतून एकदा तरी जाणकार माणसाकडून तपासणी सांगितली होती. माझी शेड कारखान्यात मोडत नाही, पण टांगलेल्या इंजिनाला ते कळत नाही. मूळ लेखातला फोटोही काढून टाकला. 'पोरं बघून तसंच करतील' हे तुमचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं.

आता जे मान्य नाही ते.

'पोलाद कुठलं ते माहीत नाही' हे अर्धंच खरं आहे. सर्टिफिकेट नाही, पण भाग काय काम करत होता हे तर डोळ्यांसमोर आहे ना? पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि बहुतेक वेळा दीड-दोन टक्के सिलिकॉन. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. गावोगाव पालं टाकून राहणारे घिसाडी पिढ्यान्‌पिढ्या मोटारीच्या पाट्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडी करत आलेत. ऊसतोडीचा कोयता दिवसभर फडात चालायचा तर पाट्याचाच हवा, हे तोडकऱ्याला विचारा.

तरी मी अंदाजावर विसंबलो नाही. पाटे धुऊन, पुसून त्यांना रॉकेल लावलं, परत कोरडे केले आणि वरून खडू फासला. चीर असेल तिथं आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. एका पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकाजवळ अशी रेघ आली. पाटे बहुतेक तिथंच नाहीतर यू-बोल्टच्या कडेला तुटतात, तुम्ही तर शेकडो बदलले असतील. तो पाटा बाजूला टाकला. बाकीच्यांचेही मधले तुकडे वापरले नाहीत.

मग चिंचोक्याएवढे नमुने कापून भट्टीत लाल केले. लोहचुंबक धरणं सोडतं ती खूण साधारण ७७० अंशांची. त्याच्या थोडं वर नेऊन कोमट तेलात बुडवले आणि हातोड्यानं तोडले. आत बारीक, राखाडी रवा दिसला, म्हणजे पोलाद नीट कडक झालं. पहिला कोयता मात्र मी शहाणपणानं पाण्यात बुडवला होता. बारीक 'टिक्' आवाज आला आणि पात्यावर केसाएवढी चीर. बाजारच्या दिवशी भेटलेल्या म्हाताऱ्या घिसाडी मामांना दाखवला, तर ते नुसते हसले. 'पाट्याला पाणी तेलात द्यायचं असतं' (पाणी देणं म्हणजे तापवून, बुडवून कडक करणं) हे त्यांनी मला विचारल्याशिवाय सांगितलं नसतं, आणि मी विचारलं नव्हतं.

शाफ्टबद्दल तुम्ही लिहिलंत की कडक केलेल्या पोलादावर घण मारला तर कपचा उडून डोळा जाईल. काळजी रास्त आहे. पण ऐरण म्हणून मी शाफ्ट उभा रोवलाय, फ्लँज (टोकाची रुंद चकती) वर, खाली काँक्रीट. कडकपणा असतो तो शाफ्टच्या अंगावर आणि आट्यांवर (दुसऱ्या टोकाच्या खाचांवर). फ्लँजच्या तोंडावर कानस फिरवून पाहिली, कानस धरते, म्हणजे तिथं पोलाद मऊ आहे. आटीवर तीच कानस काचेवरून घसरावी तशी सुटते. म्हणून घाव फक्त फ्लँजच्या मधोमध, जिथं खाली सबंध शाफ्टची लांबी उभी आहे. कडा गोल केल्यात, डोळ्यांवर चष्मा असतो. शाफ्टला वेल्डिंगचा एक थेंबही लावलेला नाही आणि लावणारही नाही. असलं पोलाद आधी चांगलं तापवून, कोरड्या ७०१८ (कमी हायड्रोजनच्या) वेल्डिंग रॉडनं जोडून, राखेत पुरून हळू थंड करावं लागतं. एवढं करूनही भरवसा नसतो, मग कशाला?

माझा हिशोब साधा आहे. ज्या भागानं जे काम केलं त्याच जातीचं काम त्याला द्यायचं. पाटा लवत होता, त्याला पातं करा. शाफ्ट मार खात होता, त्याला मार खाऊ द्या. मी चॅनलशी हा हिशोब मोडला आणि तुम्ही मला तिथंच पकडलंत.

जालन्याच्या भट्ट्यांविषयी माझी काही तक्रार नाही, निम्म्या महाराष्ट्राच्या स्लॅबमधली सळई तिकडची आहे. पण तिथं शाफ्ट, पत्र्याचा डबा आणि सायकलची फ्रेम एकाच कढईत जातात. टनामागं सहाशेएक युनिट वीज जाळून निघते ती सळई. मिश्रधातूचा, घडवलेला, तापवून मुरवलेला शाफ्ट सळईच्या भावात घालवायचा, तो अपमान नाही का?

आणि अपमानाचाच मुद्दा राहिला. साहेब, मी अख्खी गाडी कापलेली नाही. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा इंजिन गेलेलं, केबिन गेलेली, गिअरबॉक्स कुणीतरी आधीच उचलून नेलेला. चाकं असलेली, उभी राहील अशी शक्तिमान मिळाली असती तर मीही कटर लावला नसता. जबलपूरला १९५९ पासून मान या जर्मन कंपनीच्या परवान्यावर ही गाडी बनायला लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांत ती होती. हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण आमच्या गल्लीत सुट्टीवर आलेला प्रत्येक फौजी तिच्या गोष्टी सांगायचा. ड्रमवरचा हिरवा रंग मी खरवडून काढला तो मात्र आदरापोटी नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि भट्टीत त्याचा धूर मला नको होता. ब्रेक लायनिंगची धूळही हवा मारून उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

एक काम आहे तुमच्याकडे. शाफ्टच्या फ्लँजच्या खालच्या बाजूला काही अंक आणि एक खूण ठोकलेली आहे. रोवण्याआधी मी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली होती, तो फोटो खाली जोडतोय. शेवटचे दोन अंक सालाचे असावेत असं मला वाटतं, भंगारवाला म्हणतो ते इन्स्पेक्शनचे. तुमच्या हाताखालनं असे शाफ्ट गेले असतील. तुम्हाला वाचता आलं तर कळवा.