लुईझियाना ‘एकरी तीन सेंटां’त मिळाला नव्हता

अमेरिकेच्या 1803 सालच्या लुईझियाना खरेदीबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: नेपोलियनला युद्धासाठी पैसा हवा होता, दूरदर्शी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने संधी साधली, दीड कोटी डॉलर रोख मोजून मिसिसिपीपासून रॉकी पर्वतापर्यंतची 8,28,000 चौरस मैल ओसाड जमीन एकरी तीन सेंटांनी घेतली, घेतलेला मुलूख पाहायला लुईस आणि क्लार्क यांना धाडले, आणि रक्ताचा थेंब न सांडता देश दुप्पट झाला.

साल बरोबर आहे, दीड कोटीचा आकडाही बरोबर आहे. बाकीचे एकेक करून पाहू.

‘दीड कोटी डॉलर रोख’

30 एप्रिल 1803च्या तहाला दोन पैशांचे करारनामे जोडलेले होते. पहिल्यानुसार फ्रान्सला 6 कोटी फ्रँक द्यायचे होते. दुसऱ्यानुसार, फ्रान्सने समुद्रावर पकडलेली जहाजे आणि माल यांपोटी अमेरिकी व्यापाऱ्यांचे जे येणे होते, ते अमेरिकी सरकारने स्वतःच चुकवायचे होते, जास्तीत जास्त 2 कोटी फ्रँकपर्यंत. डॉलरला 5.3333 फ्रँक हा दर करारातच लिहिला होता. त्या हिशेबाने 1 कोटी 12.5 लाख अधिक 37.5 लाख, म्हणजे दीड कोटी डॉलर. यातला चौथा हिस्सा पॅरिसला जायचाच नव्हता.

उरलेले तीन चतुर्थांशही रोख नव्हते. ते सहा टक्के व्याजाचे रोखे होते. मुद्दलाची परतफेड पंधरा वर्षांनी सुरू होऊन दरवर्षी किमान 30 लाख डॉलर फेडायचे होते. नेपोलियनला पंधरा वर्षे थांबणे शक्य नव्हते. त्याने हे रोखे लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांना कमी भावात विकले, आणि 6 कोटींऐवजी सुमारे 5.2 कोटी फ्रँक त्याच्या हाती आले. मे 1803 मध्ये ब्रिटनने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, तरी लंडनची एक पेढी ब्रिटिश सरकारच्या संमतीने नेपोलियनची तिजोरी भरत होती. हा भाग त्या मजकुरात यायला हवा होता, तो निदान खरा तरी आहे.

व्याज धरून अमेरिकेला एकूण खर्च आला सुमारे 2.3 कोटी डॉलर. 53 कोटी एकरांनी दीड कोटीला भागले तर 2.8 सेंट येतात, 2.3 कोटींना भागले तर 4.3. म्हणून कुणी ‘तीन सेंट’ लिहितो, कुणी ‘चार’. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. कशाची किंमत काढतो आहोत तेच चुकले आहे. त्याकडे पुढे येऊ.

‘नेपोलियनने आपली जमीन विकली’

1800च्या गुप्त सान इल्देफोन्सो तहाने स्पेनने हा प्रांत फ्रान्सला परत देण्याचे कबूल केले. मोबदल्यात स्पेनच्या राजाच्या जावयाला इटलीत एट्रुरियाचे राज्य मिळायचे होते. प्रांत तिसऱ्या कुणाला देणार नाही, असे लेखी आश्वासन फ्रान्सच्या वकिलाने (राजदूताने) जुलै 1802 मध्ये स्पेनला दिले होते, आणि वर्षही उलटायच्या आत तो विकला गेला. स्पेनने निषेध नोंदवला, त्याची दखल कुणी घेतली नाही. पॅरिसमध्ये सह्या झाल्या तेव्हा न्यू ऑर्लीन्समध्ये स्पॅनिश अधिकारीच कारभार पाहत होते. फ्रान्सला शहराचा ताबा 30 नोव्हेंबर 1803 रोजी मिळाला आणि 20 डिसेंबरला तो अमेरिकेकडे गेला. फ्रेंच अंमल वीस दिवसांचा.

‘जेफरसनची दूरदृष्टी’

जेफरसनला हवे होते एक बंदर. ओहायो खोऱ्यातले पीठ, डुकराचे खारवलेले मांस, तंबाखू हे सगळे सपाट बुडाच्या होड्यांतून मिसिसिपीने खाली यायचे आणि न्यू ऑर्लीन्सच्या गोदामांत उतरून समुद्री जहाजांवर चढायचे. माल तिथे उतरवण्याचा हक्क 1795च्या तहाने स्पेनकडून मिळाला होता. 16 ऑक्टोबर 1802 रोजी स्पॅनिश अधिकारी मोरालेस याने तो थांबवला आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांत संतापाची लाट उसळली. काँग्रेसने 20 लाख डॉलर मंजूर केले आणि जेम्स मन्रो पॅरिसला निघाला. त्याला मागायचे होते न्यू ऑर्लीन्स आणि फ्लोरिडा. मिसिसिपीच्या पश्चिमेचा प्रदेश त्याच्या मागण्यांत नव्हताच.

11 एप्रिल 1803 रोजी, मन्रो पॅरिसला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी, फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याने अमेरिकी वकील लिव्हिंगस्टनला अचानक विचारले की सगळ्या लुईझियानाचे काय द्याल? हा प्रश्न का आला, याचे उत्तर हैतीत आहे. नेपोलियनच्या आराखड्यात सां-दोमिंग (आजचे हैती) हे साखरेचे बेट मुख्य होते आणि लुईझियाना त्या बेटाला धान्य व लाकूड पुरवणारी वखार. तिथल्या गुलामांनी बंड करून सत्ता घेतली होती. ती मोडायला पाठवलेली फौज त्यांच्या लढ्याने आणि पिवळ्या तापाने खलास झाली. सेनापती लक्लेर नोव्हेंबर 1802 मध्ये तापानेच मेला. बेटच हातचे गेल्यावर वखार ठेवून उपयोग काय? शिवाय इंग्रजांशी युद्ध दाराशी होतेच. श्रेय वाटायचेच असेल तर हैतीच्या लढवय्यांचा वाटा जेफरसनपेक्षा मोठा निघतो.

जेफरसनची दूरदृष्टी सांगणारे हेही सांगत नाहीत की, राज्यघटना असा प्रदेश घ्यायचा अधिकार देते की नाही याबद्दल तो स्वतः साशंक होता. त्याने घटनादुरुस्तीचे मसुदेही लिहिले. पण तहाची मान्यता सहा महिन्यांत कळवायची होती आणि नेपोलियनचे मन फिरेल अशी धास्ती होती. मसुदे बाजूला राहिले. सिनेटने 20 ऑक्टोबरला 24 विरुद्ध 7 मतांनी तह मान्य केला.

‘मुलूख पाहायला लुईस-क्लार्क’

तारखा जुळत नाहीत. या मोहिमेसाठी 2,500 डॉलर मागणारा गुप्त संदेश जेफरसनने 18 जानेवारी 1803 रोजी काँग्रेसला पाठवला. तेव्हा सगळ्या लुईझियानाच्या खरेदीचा विषयही निघाला नव्हता. मोहीम परक्या प्रदेशातून पॅसिफिकपर्यंत जाण्यासाठीच आखली होती.

‘8,28,000 चौरस मैल’

हा आकडा 1803 मध्ये कुणीच सांगू शकला नसता, कारण तहात हद्दच आखलेली नव्हती. स्पेनच्या हाती आज जेवढा आहे आणि पूर्वी फ्रान्सच्या हाती जेवढा होता तेवढा प्रांत, एवढेच मोघम वर्णन त्यात होते. उत्तरेची 49 अक्षांशाची रेषा 1818 मध्ये ब्रिटनशी करार करून ठरली. नैऋत्येची सबाइन, रेड आणि आर्कान्सा नद्यांवरून जाणारी रेषा 1819 मध्ये स्पेनशी ठरली. त्यात अमेरिकेने टेक्सासवरचा दावा सोडला. त्याआधी 1810 मध्ये पश्चिम फ्लोरिडाचा तुकडा ‘हा आमच्या खरेदीतलाच’ म्हणून राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने एका जाहीरनाम्याने घेतला होता. आजचे क्षेत्रफळ या सगळ्या घडामोडींनंतरच्या नकाशावरून मोजलेले आहे.

‘ओसाड जमीन विकत घेतली’

मूळ चूक इथे आहे. हा प्रदेश ओसाड नव्हता. लुईस आणि क्लार्क यांनी 1804-05चा हिवाळा जिथे काढला, त्या मँडन आणि हिदात्सा लोकांच्या मिझुरीकाठच्या गावांत मिळून चार हजारांवर वस्ती होती. सेंट लुइसमध्ये तेव्हा जेमतेम हजार माणसे असतील.

या लोकांची जमीन फ्रान्सची नव्हती, स्पेनचीही नव्हती, आणि हे अमेरिकेला पक्के ठाऊक होते. 1792 मध्ये परराष्ट्रमंत्री असताना जेफरसननेच ब्रिटिश वकील हॅमंडला सांगितले होते की, इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, जमिनींवर अमेरिकेचा हक्क आहे तो अग्रहक्क: ते विकायला तयार होतील तेव्हा दुसऱ्या कुणाला मध्ये येऊ न देता त्या घेण्याचा. 1823 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश खटल्यात जवळपास हीच मांडणी कायद्यात बसवली. 1803च्या पॅरिसच्या तहाचे सहावे कलम तर सरळ सांगते की स्पेनने इंडियन राष्ट्रांशी केलेले करार, त्यांच्या संमतीने नवे होईपर्यंत, अमेरिका पाळेल. जमीन पूर्णपणे विकली गेली असती तर या कलमाची गरज पडली नसती. दीड कोटीत मिळाला तो एवढाच हक्क: इतर युरोपीय सत्तांना बाजूला ठेवून या राष्ट्रांशी एकट्याने सौदे करण्याचा. जमिनीचा पैसा त्यानंतर वेगळा मोजावा लागला.

तो कसा मोजला गेला तेही पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर 1805 मध्ये लेफ्टनंट पाइकने आजच्या मिनेसोटात डकोटा लोकांकडून सुमारे एक लाख एकर लिहून घेतले. हजर सात प्रमुखांपैकी दोघांनीच सही केली. रकमेची जागा कोरी होती; सिनेटने 1808 मध्ये तिथे 2,000 डॉलर लिहिले. पाइकचा स्वतःचा अंदाज दोन लाख डॉलरचा होता.

ओसेज राष्ट्राची हकिकत याहून बोलकी आहे. नोव्हेंबर 1808च्या करारात त्यांच्याकडून आजच्या मिझुरी आणि आर्कान्सातली सुमारे 5 कोटी एकर जमीन घेतली गेली. मोबदला 1,200 डॉलर रोख आणि दरसाल 1,500 डॉलरचा माल. प्रदेशाचा गव्हर्नर होता तोच मेरिवेदर लुईस. त्याने आधी त्यांचा व्यापार तोडला आणि मग मसुदा पुढे केला; सही करणारे मित्र, न करणारे शत्रू, असे त्यांना ऐकवले गेले. 1825 मध्ये उरलेल्यातला बहुतेक भाग वर्षाला 7,000 डॉलर, तेही वीस वर्षे, अशा बोलीवर गेला. त्यांना कॅन्ससमध्ये एक पट्टा ठेवला होता. पुढे वसाहतवाले तिथेही घुसले. तेव्हा तो विकून, 1870च्या दशकात, ओसेजांनी आजच्या ओक्लाहोमातली जमीन चेरोकी राष्ट्राकडून विकत घेतली. ही जमीनही लुईझियाना खरेदीच्या हद्दीतलीच. भाव एकरी 70 सेंट.

असे सगळे व्यवहार इतिहासकार रॉबर्ट ली यांनी 2017 मध्ये मोजले. 1803च्या प्रदेशात जमीन सोडण्याचे 222 प्रसंग, आणि नंतरच्या भरपाया धरून सरकारी खर्च सुमारे 260 कोटी डॉलर. हा आकडा बघून कुणी ‘म्हणजे मोबदला भरपूर दिला’ असे म्हणू नये. कवडीमोलाने घेतलेल्या जमिनींची भरपाई पुढे दावे लढून वसूल करावी लागली, तीही या बेरजेत आहे.

‘रक्ताचा थेंब न सांडता’

1862चे डकोटा युद्ध, 1876ची लिटल बिगहॉर्नची लढाई, 1890चे वूंडेड नी हत्याकांड. तिन्ही याच हद्दीत.

लिटल बिगहॉर्नच्या आधी 1868चा फोर्ट लॅरमीचा तह होता. त्याने ब्लॅक हिल्स सू राष्ट्राकडे ठेवले आणि तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय जमीन घेता येणार नाही, असे लिहून दिले. 1874 मध्ये कस्टरच्या लष्करी तुकडीला तिथे सोने सापडले. नंतरच्या करारावर जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या सह्या मिळाल्या, तरी 1877 मध्ये काँग्रेसने कायदा करून डोंगर घेतले. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य मोबदला देणे बंधनकारक असल्याचे म्हटले; व्याजासह रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर गेली. सू राष्ट्राने ती नाकारली, कारण त्यांना डोंगर हवे आहेत. सरकारी खात्यात पडून राहिलेली ती रक्कम आता शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.