ज्वारीला ‘रोग असो-नसो’ बुरशीनाशक कशाला?

मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत शेतकऱ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: रोग असो वा नसो, रब्बी ज्वारीवर पोटरीत (कणीस अजून पोटात असताना) आणि निसवताना (कणीस बाहेर पडताना) बुरशीनाशक मारा, पान हिरवं राहतं, खडखड्या (ताट बुडातून लोळवणारा रोग) अन् चिकटा (पानावरचा चिकट थर) जातो, उतारा दीडपट होतो.

हिरव्या पानाची गोष्ट अगदीच खोटी नाही. स्ट्रोबिल्युरिन नावाच्या गटातल्या बुरशीनाशकांनी गव्हाचं पान जास्त दिवस हिरवं राहतं. युरोपातल्या ओल्या हवेत रोग वरचं पान खातो, तिथे त्यामुळे उत्पादन वाचतं. रोगच नसेल तर फरक थोडा आणि बेभरवशाचा. आपली मालदांडी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर उभी असते. भेगाळलेल्या रानात पान वाळतं ते बहुतेक वेळा ओल संपली म्हणून.

खडखड्याचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. लोळलेलं ताट उपटून बुडापाशी चिरून बघा. आतला गाभा विरून नुसते धागे उरलेले, त्यांवर काळी भुकटी. ही बुरशी जमिनीत असते, मुळातून शिरते आणि दाणे भरताना पिकाला पाण्याचा ताण बसला की उसळते. पानावरचा फवारा तिथवर पोचत नाही. तिथे कामाला येतं ते पोटरीतलं एखादं पाणी आणि पेरणीनंतर आठव्या आठवड्यातली कोळपणी, जी भेगा बुजवून ओल धरून ठेवते. दोन फवारण्यांचे पैसे तिकडे घाला.

चिकटा तर माव्याचा. मावा म्हणजे कीड, तिला बुरशीनाशक काय करणार?

काणी, म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा बुरशीचा रोग, त्यासाठीही फवारा नको; पेरणीआधीच किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं. हेक्टरी १० किलो बियाण्याला ४० ग्रॅम, बस्स.

आणि विनाकारण मारत राहिलं की औषध बोथट होतं. स्ट्रोबिल्युरिन १९९६ मध्ये बाजारात आलं आणि १९९८ मध्येच जर्मनीत गव्हाच्या भुरीने (पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीने) त्याला दाद देणं सोडलं. शिवाय फवारलेल्या रानातला हुरडा आपली पोरं खाणार, कडबा दावणीला जाणार.

तांबेरा (पानावर तांबूस पुळ्या आणणारा बुरशीचा रोग) खरंच दिसला तर पान कृषी सहायकाला दाखवा, ज्वारीसाठी शिफारस असलेलंच औषध घ्या. राहिलं दीडपट. कशाच्या दीडपट, ते मेसेजात नाही. फवारायचंच ठरवलं असेल तर रानात मधल्या चार ओळी कोऱ्या सोडा आणि मळणीला त्यांचं माप वेगळं घ्या.