लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात उतरली? तारखा तरी बघा

माझा भाचा एमपीएससीची तयारी करतोय. परवा त्याच्या वहीत पहिल्या महायुद्धाच्या पानावर एक परिच्छेद दिसला, शब्द न शब्द त्या फिरणाऱ्या मेसेजमधला. तुम्हालाही आला असेल तो. अमेरिका तटस्थ होती, मग जर्मनांनी लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं आणि अमेरिका उतरली, पण ते नुसतं निमित्त, खरं कारण म्हणजे मॉर्गनसारख्या बँकवाल्यांची कर्जं बुडायला नको होती, जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार ब्रिटिशांनी बनवलेली, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सनने "युद्धापासून दूर ठेवलं" म्हणत मतं घेतली आणि लोकांना फसवलं, आणि मग तात्पर्य की तटस्थता असं काही नसतंच. "मामा, सगळीकडे असंच लिहिलंय," असं तो म्हणाला. सगळीकडे असलं तरी चूक ती चूकच, आणि हा पोरगा ते परीक्षेत लिहिणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लुसिटानिया बुडाली आणि अमेरिका उतरली"

लुसिटानिया बुडाली ७ मे १९१५ ला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, यू-२० या पाणबुडीच्या टॉर्पेडोने. एवढं मोठं जहाज १८ मिनिटांत गेलं, जवळपास १२०० माणसं मेली, त्यात १२८ अमेरिकन. अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मोजून बघा, मध्ये बरोबर ७०० दिवस आहेत. बुडाल्यावर तीन दिवसांनी विल्सन फिलाडेल्फियात बोलले ते युद्धाचं नव्हतंच, एखादं राष्ट्र इतकं स्वाभिमानी असू शकतं की ते लढायला जात नाही, असा त्याचा अर्थ होता. त्यांचे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना तर जर्मनीला पाठवायचा कडक खलिताही जास्त वाटला, म्हणजे यातून आपण युद्धात ओढले जाऊ अशी भीती वाटली, आणि त्यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. आणि या ७०० दिवसांत दबावाचा परिणामही होत होता, ही गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही. मार्च १९१६ मध्ये ससेक्स या फ्रेंच जहाजावर हल्ला झाला तेव्हा विल्सननी संबंध तोडायची धमकी दिली आणि मे १९१६ मध्ये जर्मनीने लेखी कबूल केलं की इशारा न देता, माणसांना वाचवायची सोय न करता व्यापारी जहाजं बुडवणार नाही. पुढचे आठ-नऊ महिने ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. म्हणजे लुसिटानियाने अमेरिकेला युद्धात ओढलं नाही, तिने एक रेघ आखून दिली. ती रेघ पुढे कुणी ओलांडली आणि का, हा खरा प्रश्न आहे.

"बँकवाल्यांनी कर्ज वाचवायला युद्ध लावलं"

हा मुद्दा नीट घ्यायला हवा कारण यात तथ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो पटकन पटतो. सुरुवातीला, १९१४ मध्ये, लढणाऱ्या देशांना कर्ज देणं तटस्थतेच्या भावनेशी विसंगत आहे असं खुद्द अमेरिकन सरकारचंच म्हणणं होतं. वर्षभरात ते ढिलं पडलं आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये मॉर्गनच्या पुढाकाराने ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्त राष्ट्रांना मिळालेली कर्जं दोन अब्ज डॉलरच्या वर गेली होती आणि जर्मनीच्या वाट्याला त्याच्या तुलनेत चिल्लर आली. गहू, कापूस, दारूगोळा, सगळ्याचा व्यापार एकाच बाजूला झुकलेला, कारण समुद्रावर नाकेबंदी ब्रिटनची होती. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. सिनेटर नॉरिस यांनी युद्धाला विरोध करताना भर सिनेटमध्ये हाच आरोप केला होता आणि १९३४ पासून सिनेटच्या नाय समितीने यावर मोठी चौकशीही केली.

पण मग नोव्हेंबर १९१६ चं काय करायचं? ब्रिटनची डॉलरची गंगाजळी आटत आली होती आणि मॉर्गनचा बेत होता की ब्रिटन-फ्रान्सच्या विनातारण हुंड्या अमेरिकन बँकांना विकायच्या. २८ नोव्हेंबरला फेडरल रिझर्व्ह बोर्डाने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, जाहीर इशारा दिला की असल्या कागदात पैसे गुंतवताना सांभाळा, आणि हा इशारा विल्सनना विचारून, उलट त्यांच्या सांगण्यावरून आणखी कडक करून दिला होता. बेत बारगळला. जो अध्यक्ष बँकवाल्यांच्या कर्जासाठी देशाला युद्धात घालणार, तो चार महिने आधी त्याच बँकवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची नाडी आवळतो का? विल्सन तेव्हा ब्रिटनवरच चिडलेले होते, जुलैमध्ये ब्रिटनने जर्मनीशी व्यवहार करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांची काळी यादी काढली होती, टपाल फोडलं जात होतं, आणि त्यांना दोन्ही बाजूंना तहाच्या टेबलावर आणायचं होतं.

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त चटका लावणारा भाग हाच वाटतो. जर्मनीने नुसतं हात बांधून बसायचं ठरवलं असतं तर १९१७ च्या उन्हाळ्यापर्यंत ब्रिटनला अमेरिकेत पूर्वीसारखी खरेदी करणं अवघड झालं असतं. जे काम पाणबुड्यांनी करायचं होतं ते पैशाच्या टंचाईने अर्धंअधिक केलं असतं. जर्मनीने थांबायचं नाही असं ठरवलं, आणि अमेरिका युद्धात आल्यावर दोस्तांच्या कर्जाचा प्रश्न खुद्द अमेरिकन सरकारी तिजोरीने सोडवला. कर्ज वाचलं हे खरं, पण ते युद्धाचा परिणाम म्हणून वाचलं. परिणाम दिसला की तोच हेतू होता असं म्हणणं, ही सवय फार वाईट आहे.

"झिमरमनची तार बनावट होती"

नव्हती, आणि यासाठी वेगळ्या पुराव्याची गरजच नाही कारण झिमरमननी स्वतः ३ मार्च १९१७ ला बर्लिनमध्ये मान्य केलं की तार माझीच आहे. तार होती मेक्सिकोतल्या जर्मन वकिलातीला, की १ फेब्रुवारीपासून आम्ही इशारा न देता जहाजं बुडवायला पाणबुड्या मोकळ्या सोडतोय, अमेरिका तटस्थ राहिली नाही तर मेक्सिकोला सांगा, आमच्या बाजूने या, टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवा, जपानलाही सोबत घ्या. ब्रिटिशांनी ती पकडली आणि उलगडली हे खरं, कुठून मिळाली हे लपवण्यासाठी त्यांनी बनाव रचला हेही खरं, पण मजकूर जर्मनीचाच. आणि ती गेली कशी तर अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून! ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा १९१४ मध्येच तोडल्या होत्या, तर तहाची बोलणी सोपी व्हावीत म्हणून विल्सननी जर्मनीला आपली लाइन वापरू दिली होती. ज्याने विश्वासाने घराची किल्ली दिली त्याच्याच घरावर डाका घालायचा कट त्या किल्लीने केला, तर त्या माणसाला काय वाटेल ते बघा.

तरीसुद्धा तार १ मार्चला छापून आली आणि युद्ध पुकारलं गेलं ६ एप्रिलला. मधल्या काळात सिनेटमध्ये मूठभर सभासदांनी नुसतं जहाजांवर तोफा बसवायचं बिलसुद्धा भाषणं लांबवून अडवलं. म्हणजे तारेनेही एकटीने काम केलं नाही.

"विल्सननी मतदारांना फसवलं"

इथे मी थोडक्यात सांगतो. "त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं" ही घोषणा १९१६ च्या निवडणुकीत पक्षाने चालवली, ती झालेल्या गोष्टीबद्दल होती, पुढचं वचन विल्सननी दिलेलं नव्हतं. घोषणेचा फायदा घेतला हे मात्र खरं, कॅलिफोर्निया चार हजारांपेक्षा कमी मतांनी मिळाला आणि त्यावरच निवडणूक ठरली. पण फसवणूक म्हणायची तर निवडून आल्यावर त्यांनी काय केलं ते बघायला हवं. १८ डिसेंबरला दोन्ही बाजूंना विचारलं की तुमच्या तहाच्या अटी सांगा, आणि २२ जानेवारी १९१७ ला सिनेटसमोर कुणाचाही विजय नसलेल्या शांततेचं भाषण केलं. युद्ध हवं असलेला माणूस हे कशाला करेल?

आणि आता मुख्य गोष्ट, जी मेसेजमध्ये नावालाही नाही. ते भाषण चालू होतं तेव्हा निर्णय होऊन गेला होता, वॉशिंग्टनमध्ये नाही, जर्मनीत. ९ जानेवारीला सायलेशियातल्या प्लेस इथल्या राजवाड्यात कैसरसमोर बैठक झाली. आरमारप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांनी हिशोब मांडला होता की महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली तर ब्रिटन पाच महिन्यांत गुडघे टेकेल. अमेरिका चिडेल हे त्यांना माहीत होतं! त्यांनी ते धरूनच गणित केलं, की अमेरिकेचं खडं सैन्य लहान, ते उभं करून समुद्रापार आणेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. चॅन्सेलर बेथमान होलवेग विरोधात होते, शेवटी त्यांनी मान तुकवली. घरी जर्मनीत त्या हिवाळ्यात लोक बटाट्याऐवजी सलगम खाऊन दिवस काढत होते, आघाड्यांवर कोंडी होती, तेव्हा ही माणसं वेडी नव्हती, घाईला आलेली होती. टनांचा हिशोब तर पहिल्या काही महिन्यांत जवळपास बरोबरही आला, एप्रिल १९१७ मध्ये ८ लाख टनांच्या वर जहाजं बुडाली. चुकलं ते पुढचं, ब्रिटन पाच महिन्यांत मोडला नाही, ताफा करून संरक्षणात जहाजं न्यायची पद्धत सुरू झाली, आणि जे सैन्य येणारच नाही म्हणत होते ते १९१८ च्या शेवटी फ्रान्समध्ये २० लाखांवर होतं.

मी भाच्याला हेच सांगितलं, की तटस्थ राहणं हे एकट्याच्या हातात नसतं, लढणाऱ्यालाही ते परवडावं लागतं. ज्या दिवशी त्याला वाटतं की या देशाची तटस्थता मला त्याच्या शत्रुत्वापेक्षा महाग पडतेय, त्या दिवशी ती संपते. जर्मनीने पाणबुड्या मोकळ्या सोडतोय हे अमेरिकेला ३१ जानेवारीला कळवलं, १ फेब्रुवारीपासून सुरू, ३ फेब्रुवारीला संबंध तुटले आणि तरी विल्सन प्रत्यक्ष कृतीची वाट बघत बसले. मार्चच्या मध्यावर दोन-तीन दिवसांत तीन अमेरिकन जहाजं बुडाली, २० तारखेला मंत्रिमंडळाने एकमुखाने युद्धाच्या बाजूने मत दिलं. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०.

"तटस्थता असं काही नसतंच"

असते, आणि ती कायद्यात असते. आपल्याशी जोडलेलं एक उदाहरण आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या ज्या गदर चळवळीच्या उभारणीत होते, तिच्या लोकांवर सॅन फ्रान्सिस्कोत १९१७-१८ मध्ये जो मोठा खटला चालला त्यात आरोप काय होता? जर्मनांच्या मदतीने हिंदुस्थानात शस्त्रं पाठवायचा कट करून अमेरिकेच्या तटस्थतेचा कायदा मोडला. जर्मन वकिलातीची माणसंही त्यात आरोपी होती. तो कायदा आपल्या माणसांवर चालवला गेला याचं मला वाईट वाटतं, पण तटस्थता नुसतं नाटक असती तर त्यावर माणसं तुरुंगात गेली नसती.

अमेरिकेची तटस्थता कललेली होती हे मी मान्य करतो. ब्रिटनने उत्तर समुद्रात सुरुंग पेरले, माल अडवला, विल्सननी निषेध केले आणि सोडून दिलं. पण अडवलेल्या मालाची भरपाई मागता येते, बुडालेल्या माणसाची नाही, हा फरक त्यांनी पहिल्यापासून धरला होता.

आणि तेवढाच मार सोसून तटस्थ राहिलेले देशही आहेत. नॉर्वेचे सुमारे २००० खलाशी गेले, व्यापारी जहाजांचा जवळपास निम्मा ताफा समुद्राच्या तळाला गेला, तरी नॉर्वे शेवटपर्यंत उतरला नाही, कारण त्याला उतरणं म्हणजे जर्मनीला दारात बोलावणं होतं. हॉलंड, डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड, स्पेन, सगळे बाहेर राहिले. ज्याला टेक्ससचं आमिष दाखवलं होतं त्या मेक्सिकोचे नेते कारान्झा यांनीही ती ऑफर तपासून घेतली, नाही म्हटलं, आणि नोव्हेंबर १९१८ पर्यंत मेक्सिको तटस्थच राहिला.