आडवं पडायचे पैसे

पुणेकराला सुख सोसतं. त्याचा दर कळला की सोसत नाही. आमच्या लेकीला हे पक्कं ठाऊक, म्हणून तिने दर लपवला. "आई, विमान कंपनीचे माइल्स साठले होते, एक्स्पायर होणार होते. तुमचं दोघांचं लंडनचं बिझनेस क्लासचं काढलंय," एवढंच फोनवर म्हणाली. एखादी गोष्ट वाया जाणार म्हटल्यावर आमच्या घरात पुढे चर्चा होत नाही.

पण आमच्या ह्यांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पर्चेस खात्यात गेली. 'फुकट' या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. त्याच रात्री त्यांनी साइट उघडली, तेच तिकीट रोख पैशांत केवढ्याला पडतं ते पाहिलं, त्याला साडेनऊ तासांनी भागलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तासाला!" म्हणाले आणि आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, सोसायटीतली माणसं वाचतात.

तिथून माझे हाल सुरू झाले. या तिकिटात पैसे असतात ते मुळात आडवं पडायचे. २००० साली एका ब्रिटिश कंपनीने बिझनेस क्लासची खुर्ची पार सपाट पलंग होईल अशी केली, आणि मग बाकीच्यांनाही करावी लागली. बरं, पलंगाचे पैसे भरले म्हणून झोपावं, तर गरम रुमाल, जेवण, सिनेमे, 'हवं तेव्हा हवं ते मागा' हे सगळं बुडालं. जागं राहावं, तर पलंग बुडाला. आयुष्यभर घरखर्चाची वही लिहीत आले, पण हा जमाखर्च काही केल्या जुळेना.

त्यात विमान कोरं करकरीत, नुकतंच कंपनीच्या ताब्यात आलेलं. फॅमिली ग्रुपवर मी हे कौतुकाने टाकलं, तर धाकट्या दिरांचा लगेच मेसेज: "वहिनी, नव्या मॉडेलची पहिली गाडी कधी घेऊ नये. आधी लोकांना वर्षभर तक्रारी करू द्याव्यात." ह्यांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. मॉडेल नवं नाही, एअरबस ए ३५० हे २०१५ पासून प्रवासी नेतंय; हा फक्त नग नवा. पंख वेल्समध्ये होतात, धड जर्मनी आणि फ्रान्समधून येतं, जोडणी तुलूझला. आणि हे वाचता वाचता त्यांना भलतंच काही सापडलं. मधल्या काळात ही विमानं वेळेवर बाहेर पडत नव्हती, कारण खुर्च्या आणि टॉयलेट पुरवणारे माल वेळेवर देत नव्हते, असं खुद्द एअरबसनेच सांगितलं होतं. निवृत्तीनंतर इतके खुललेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. "म्हणजे त्यांचेही व्हेंडर भोसरीचेच!" असं ते दिवसभर येईल-जाईल त्याला सांगत होते. दूधवाल्यालासुद्धा.

आता एवढं विमान काही पुण्याहून सुटत नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि जेमतेम अडीच किलोमीटर. लंडनपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं धूड तिथून उठवायचं म्हणजे अवघड काम. मुंबईची धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे. पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल. सबब पुणेकराचा बिझनेस क्लास सुरू होतो तो रात्री अकरा वाजता, शेअर कॅबच्या मागच्या सीटवर. ज्या माणसासाठी मुंबईत पलंग घालून ठेवलाय, तो पाडून टाकलेल्या अमृतांजन पुलाच्या जागी कंटेनरच्या रांगेत अडकलेला, मांडीवर हँडबॅग आणि डोकं शेजारच्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर. तो बिचारा मास्टर्स करायला निघाला होता. घाट संपेपर्यंत खांदा हलवला नाही त्याने. आईवडिलांनी वळण चांगलं लावलं होतं.

लाउंजबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पोहे होते. लिंबू मागून घ्यावं लागलं.

विमानाच्या दारातून आत गेल्यावर आम्हाला डावीकडे वळवलं. मागे तोच मुलगा, पाठीवर सॅक, उजवीकडे निघालेला. "काका, तुम्ही इकडे नाही?" त्याने विचारलं. हे काहीतरी पुटपुटले आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून त्यांनी एका अनोळखी माणसाला घरच्या चकल्यांचं पाकीट देऊन टाकलं.

आत सगळीकडे नव्या गाडीच्या कव्हरचा वास. एका ओळीत चारच खुर्च्या: एक इकडे, एक तिकडे, मधे जोडी. प्रत्येकीला खांद्यापर्यंत भिंत आणि सरकतं दार. मी बसल्या बसल्या दार लावून पाहिलं, तर विमानातली वाढपाची मुलगी धावत आली. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी दार उघडंच ठेवायचं असतं. पट्टाही भलता जाडजूड, कारण एअरबॅग त्यातच शिवलेली. ह्यांनी पट्टा दोन बोटांत धरून दाबून पाहिला आणि "चांगलं मटेरियल आहे" म्हणून पास केला.

मग ते दिवे. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की या विमानातले दिवे १ कोटी ६७ लाख रंग दाखवू शकतात. मी विचारलं, "त्यात आमसुली आहे का?" हे म्हणाले, असणारच. प्रत्यक्षात सगळा वेळ जांभळाच लावून ठेवला होता.

शेपटीवर कॅमेरा असतो, त्यातलं समोरच्या पडद्यावर दिसतं. विमान धावपट्टीकडे निघालं तसं ते सगळं अंतर ह्यांनी चालवलं. "घे, घे, उजवीकडे घे... पांढऱ्या रेषेवर ठेव." विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला, आणि ह्यांनी खुर्चीच्या हातावरचं आडव्या माणसाचं चित्र असलेलं बटण दाबलं. खुर्ची गुरगुरत सपाट झाली. मुलीने वर गादी घातली, दुलई दिली. हे कुशीवर वळले आणि झोपले. मेन्यू न बघता! मी अवाक. एवढ्या पैशांच्या उरावर माणसाला झोप लागते कशी?

म्हणजे वसुलीची सगळी जबाबदारी माझ्यावर आली.

मी मेन्यू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाच कोर्स, प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळींचं वर्णन. वाचून झाल्यावर कळलं की त्यातलं मला काहीच मिळणार नाही, कारण लेकीने आधीच एशियन व्हेजिटेरियन नोंदवून ठेवलं होतं. तिचं बरोबरच होतं म्हणा. आमच्या नणंदबाई एकदा नाव बघून विश्वासाने 'हिंदू मील' नोंदवून बसल्या आणि झाकण उघडलं तर आत कोंबडी. त्या मीलमध्ये गोमांस नसतं, एवढाच त्याचा अर्थ. बाकी मटण-चिकन खुशाल असतं.

तर माझं पनीर आलं. पांढरीशुभ्र लिननची घडी, चिनी मातीची ताटली, मिठा-मिरीच्या इवल्याशा दाण्या, आणि पनीर ठार अळणी. दोष आचाऱ्याचा नव्हता. ह्यांनी कॅबमध्ये हे सगळं समजावलं होतं, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आता एकेक आठवायला लागलं. विमान कितीही उंच उडालं तरी आतली हवा दाबून ठेवतात. जुन्या विमानांत ती साधारण ८,००० फुटांवर असावी इतपत विरळ होते, यात ६,००० फुटांपर्यंतच, कारण अंग निम्म्याहून जास्त कार्बन फायबरचं, त्याला जास्त दाब सोसतो. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. म्हणजे मी कळसूबाईच्याही वर, कंपनीने दिलेले मऊ मोजे घालून पनीर खात बसले होते. अशा विरळ, कोरड्या हवेत जिभेला मीठ आणि साखर कमी लागते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने एका खऱ्या विमानाच्या धडात हवेचा दाब कमी करून, आत लोकांना बसवून हे तपासलंय. जमिनीवर ज्याला कुणी विचारत नाही तो टोमॅटोचा रस वर लोकांना आवडतो, हेही त्यातच निघालं.

यावर इलाज माझ्या पर्समध्ये होता. पुडी काढली, शेंगदाण्याची चटणी पनीरवर भुरभुरली. लसणाचा वास त्या जांभळ्या उजेडात जो सुटला! पुढच्या दोन खुर्च्यांमधून माना वर आल्या. मुलगी लगबगीने आली. आता ही काही बोलणार म्हणून मी पुडी मिटायला लागले, तर ती वाकून हळूच म्हणाली, "काकू, घरची आहे का?" निगडीची निघाली. गॅलीत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरात, जाऊन चमचा घेऊन आली. तिथून पुढे मी 'मॅम'ची 'काकू' झाले, आणि माझ्या मते या तिकिटातली पहिली खरी वसुली हीच.

जेवण झालं. सिनेमा लावला, निम्म्यात बंद केला, दुसरा लावला. आता थोडा पलंगही वापरावा म्हणून आडव्या माणसाचं बटण दाबलं. खुर्ची हळूहळू निघाली, निम्म्यावर आली, आणि मांडीवरचा मोबाइल घसरून खुर्ची आणि भिंतीच्या फटीत गेला.

सुरुवातीलाच घोषणा झाली होती: फोन खुर्चीत अडकला तर खुर्ची हलवू नका, आम्हाला बोलवा. फोन यंत्रात चिरडला तर त्यातली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून मी बटणावरचं बोट उचललं आणि आहे तशी राहिले. पाय अधांतरी, पाठ तिरकी, मान धड उशीवर नाही आणि धड वर नाही. निगडीची मुलगी आली, तिने तिच्या वरिष्ठांना बोलावलं. ते आले, टॉर्च आला, कोट काढून गृहस्थ जमिनीवर पालथे झाले. "मॅम, प्लीज डोंट मूव्ह." मी कुठे हलतेय! जगातल्या सगळ्यात महागड्या पलंगांपैकी एकावर मी ना बसलेली ना झोपलेली, आणि ह्यांनी काढलेला तासाचा दर कानात वाजतोय. वीस मिनिटांचे किती होतात, हे मी मनातल्या मनात काढलंसुद्धा.

अखेर फोन निघाला. त्याच्यासोबत बडीशेपेची एक पुडीही निघाली. विमान नवं कोरं, अजून कव्हरचा वास गेला नाही, आणि फटीत बडीशेप आधीच पोहोचलेली. आपली माणसं.

मग गादी घालून घेतली, दार लावलं, डोळे मिटले. इंजिनचा आवाज जवळजवळ नाहीच; हे विमान मुळातच शांत, त्यात आम्ही पुढच्या भागात. कागदावर हे फार छान वाटतं. पण इतर विमानांत इंजिनाच्या घरघरीखाली जे झाकून जातं, ते इथे स्वच्छ ऐकू येतं. मधल्या पडद्यापलीकडून ह्यांचं घोरणं सुरू झालं ते थेट गॅलीपर्यंत. पलीकडच्या साहेबांनी कंपनीचे हेडफोन चढवले, मग त्यावर स्वतःचे. मी पडदा खाली करून ह्यांना ढोसलं. "अहो!" ते डोळे न उघडता म्हणाले, "आलं का लंडन?" आणि पुन्हा सुरू.

झोप नाहीच लागली. पडल्या पडल्या एक विचार मात्र आला. ह्यांनी फक्त पलंग वापरला, मी पलंग सोडून सगळं. म्हणजे दोघांत मिळून एक तिकीट पुरेपूर वसूल झालं. दुसऱ्याचं काय, ते लेकीला विचारता येत नव्हतं.

उतरायला तासभर उरला तेव्हा हे ताजेतवाने होऊन उठले, चहा मागितला आणि इकडेतिकडे पाहू लागले. तेवढ्यात मघाचे वरिष्ठ हातात टॅब घेऊन आले. विमान नवीन असल्यामुळे प्रवाशांचा अभिप्राय हवा होता. ह्यांनी चष्मा लावला. अभिप्राय मागायचा आणि तोही पर्चेसमधल्या माणसाकडे! लंडन दिसायला लागलं तरी हे लिहीतच होते. मी डोकावून पाहिलं.

खुर्ची: समाधानकारक, फटीला रबरी पट्टी द्यावी. दिवे: १ कोटी ६७ लाखांपैकी १ पाहिला. चहा: कोमट. (६,००० फुटांवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं याची जाणीव आहे, तरीही कोमट.) जेवण: स्वतः घेतले नाही, पत्नीच्या सांगण्यानुसार अळणी. कर्मचारी: उत्तम, विशेषतः निगडीच्या. आवाज: विमानाचा नाही, आसपासच्या प्रवाशांचा त्रास झाल्याचे पत्नी सांगते.

शेवटचा प्रश्न होता, आमच्या बिझनेस क्लासची शिफारस तुम्ही मित्रांना आणि नातेवाइकांना कराल का? त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. मग लिहिलं: "तिकीट मुलगी काढणार असल्यास, जरूर."