वेलिंग्टनच्या थडग्यापाशी

खुलताबादची औरंगजेबाची कबर ठेवायची की उखडायची, यावरून 2025 च्या मार्चमध्ये महाराष्ट्र तापला होता. नागपुरात दंगलही झाली. त्याच सुमारास लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या तळघरातला एक फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. मावसभावाचा लगेच प्रश्न : "शत्रूच्या थडग्यावर फुलं वाहायला गेलास काय रे?"

शत्रू खराच. आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 1803 च्या ऑगस्टमध्ये यानं नगरचा किल्ला घेतला, 23 सप्टेंबरला भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांना हरवलं, डिसेंबरात गाविलगड घेतला. जग त्याला नेपोलियनला हरवणाऱ्या वॉटर्लूच्या लढाईमुळे ओळखतं. सर्वांत चांगला कुठं लढलात, असं पुढे कुणीतरी विचारलं तेव्हा त्यानं नाव घेतलं ते असईचं.

थडगं म्हणजे पॉर्फिरी नावाच्या कठीण दगडाची अवाढव्य पेटी. खालच्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर कोपऱ्यांत झोपलेले सिंह, भोवती 1852 च्या अंत्ययात्रेसाठी केलेले ध्वज. त्यांत प्रशियाचा, म्हणजे पुढच्या जर्मनीतल्या मुख्य राज्याचा, दिसत नाही. पहिल्या महायुद्धात तो उतरवला, तो पुन्हा चढलाच नाही. वॉटर्लूला ऐन वेळी धावून आले ते हेच प्रशियन! तेव्हा 'इंग्रज बघा किती समंजस' हे आम्हा परदेशस्थांचं लाडकं प्रवचन मी देणार नाही. ट्रॅफल्गार चौकातले हॅवलॉक आणि नेपियर (हिंदुस्थानात लढलेले दोन इंग्रज सेनापती) कोण हेच ठाऊक नाही, हलवा ते पुतळे, असं 2000 साली खुद्द लंडनचे महापौर म्हणाले होते.

माझी तक्रार निराळी आहे. कबरीवर तावातावानं भांडणारे आपण असईबद्दल चकार शब्द काढत नाही. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचे गोलंदाज संगिनी अंगावर येईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि गोऱ्यांची रांग पुढे सरकताच उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागू लागले. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मालक मंडळींनी, म्हणजे शिंदे-भोसल्यांनी, मात्र लवकरच मैदान सोडलं होतं. गोष्ट सांगायची तर तेही सांगावं लागतं, म्हणूनच बहुधा आपण ती टाळतो.

त्या दिवशी पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावं इथं सहज मिळतात, घोडदळाच्या कर्नल मॅक्सवेलपासून. आपल्या एकाही गोलंदाजाचं नाव मला सांगता येत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुन्या कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, मोडी वाचणारी माणसंही आहेत. नावं सापडतीलच असं नाही, पण कुदळी घेऊन निघालेल्यांनी आधी तिथं जाऊन बसावं.