खडपावर पहार घालणाऱ्यांना

सकाळी एक व्हिडिओ बघितला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आमच्याच बाजूचं खडप, म्हणजे भरतीत बुडणारा खडकाळ किनारा, अमावास्येची ओहोटी, आणि तरणेताठे गडी पहारीने कालवांचे, खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांचे, थरच्या थर उचकटून गोणीत भरतायत. वर लिहिलंय, "अस्सल मालवणी चव".

अस्सल? माझी मोठी काकी मालवणजवळच्या खाडीत जन्मभर कालवं काढत आली. हातात एवढीशी कोयती. खडकावर बसूनच वरची शिंप उघडायची, मांस टोपात, खालची शिंप जिथल्या तिथे. लहानपणी मी ती उपटायला गेलो तर हातावर चापटी बसली होती. "रवांदे ती थंयच, तिच्यार परत कालवां धरतलीं."

आणि होतं तसंच. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात फिरतं, मग एकदाच कुठेतरी कायमचं चिकटतं, आणि त्याला जुन्या कालवाची शिंप फार आवडते. शिंपेवर शिंप चढून ज्या कपारी होतात, त्यांत गोबी, ब्लेनी असले बोटाएवढे मासे राहतात. रिकाम्या शिंपेत अंडी चिकटवतात आणि नर तिथेच राखण करतो. हेकरू, तांबोशी या मोठ्या माशांची पिल्लंही असल्याच कपारींत लपून वाढतात. पहार घातली की कालव गेलं, अंडी गेली, राखणारा गेला. भरतीबरोबर येणाऱ्या पिल्लांनी मग जायचं कुठे, उघड्या कातळावर?

ट्रॉलर आणि रात्री एलईडी दिव्यांनी मासे खेचणारे याहून मोठं वाटोळं करतात, मान्य. पण म्हणून ही पहार माफ?

अमेरिकेत चेसापीकच्या खाडीत आता पैसे मोजून रिकामे शिंपले परत पाण्यात सोडतात, पिल्लांना धरायला जागा हवी म्हणून. काकी हेच फुकट करायची!

कालवांवर घर चालवणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. उन्हात, पाय कापून घेत त्या वाट्याचे पैसे कमावतात. त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला कधीच वाटणार नाही. पण खडप असं सपाट झालं तर पहिली उपासमार त्यांचीच. १९८७ ला मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, आपल्या लोकांनी विरोध केला. समुद्र आम्हीच राखतो म्हणालो ना? मग राखा की! पावसाळ्यातली मासेमारीबंदी यांत्रिक होड्यांना आहे, पहार घेऊन चालत जाणाऱ्याला कोण अडवणार? आपणच.

गावी जाल तेव्हा कालवं कशी काढली ते विचारा, पहारीची असतील तर घेऊ नका. आणि व्हिडिओवाल्यांनो, खडप मी ओळखलंय. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे, समोर येऊन बोला.